ओढकामाच्या घोड्यांच्या क्लबमधील पहिले वर्ष : नव्या सभासदांसाठी मार्गदर्शन

ओढकामाच्या घोड्यांच्या प्रादेशिक क्लबमध्ये नव्याने येणारी व्यक्ती बहुधा पहिल्याच भेटीत विचारते, की घोडा कोणत्या जातीचा घ्यावा. जुने सभासद या प्रश्नाला सहसा हसून बगल देतात आणि विचारणाऱ्याचा थोडा विरस होतो. पहिल्या वर्षी घोडा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लबचे वार्षिक वेळापत्रक वरवर पाहता मेळावे, स्पर्धा आणि मिरवणुकांची यादी वाटते. परंतु ते घोड्याच्या अंगातील ताकदीला, जमिनीच्या ओलीला आणि गवताच्या वाढीला बांधलेले असते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम पुढच्या कार्यक्रमाची तयारी करून देतो. हे चक्र एकदा पुरते पाहिले, की कोणता घोडा घ्यावा हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. कधी कधी स्वतःचा घोडा घ्यायचाच नाही, दुसऱ्या सभासदाच्या जोडीवर हाताखाली काम करायचे, असेही ठरते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

अशा क्लबांची परंपरा ब्रिटन, आयर्लंड, पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिका या भागांत रुजलेली असल्यामुळे पुढील मांडणी तिथल्या ऋतूंना धरून केली आहे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधील सभासदांनी सारे काही सहा महिने पुढे सरकवून वाचावे.

आधी प्राण्याची ओळख

ओढकामाचा घोडा म्हणजे आकाराने मोठा केलेला स्वारीचा घोडा नव्हे. त्याची छाती रुंद, खांदा तुलनेने उभा, पाठ आखूड आणि मागचा भाग भारदस्त असतो, आणि या सगळ्याचा उद्देश एकच असतो : अंगाचे वजन कॉलरवर, म्हणजे गळ्यात घातलेल्या गादीदार कड्यावर, टाकून भार पुढे ढकलणे. 'ढकलणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. आपण म्हणताना घोडा गाडी ओढतो असे म्हणतो, पण त्याचा खांदा कॉलरला आतून पुढे रेटत असतो आणि त्या रेट्याची ओढ साजामुळे होते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर साजाविषयीचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

उंची 'हँड' या मापात सांगितली जाते. हा आपला कोपरापासून बोटांपर्यंतचा हात नव्हे, तर पंजाची रुंदी, म्हणजे ४ इंच किंवा १०.१६ सेंटिमीटर. माप जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत घेतात, डोक्यापर्यंत नाही. इंग्लंडच्या शायर जातीत नर घोडा किमान १७ हँड, म्हणजे सुमारे १७३ सेंटिमीटर असावा लागतो. स्कॉटलंडची क्लाइड्सडेल ही जात क्लाइड नदीच्या खोऱ्यातली. तिच्या आणि शायरच्या पायांवर केसांचे दाट झुपके असतात. फ्रान्सच्या पेर्श भागातला पर्शरॉन बहुधा करडा किंवा काळा असतो, तर सफोक पंच नेहमीच तांबूस रंगाचा आणि पायांवर विशेष केस नसलेला. बेल्जियन घोडे उत्तर अमेरिकेत फार लोकप्रिय आहेत. वजन साधारण ७०० किलोपासून १,००० किलोपर्यंत आणि क्वचित त्याहूनही जास्त भरते. पायांवरचे केस मिरवणुकीत देखणे दिसत असले, तरी चिखलाच्या दिवसांत ते रोज उलगडून त्याखालची कातडी पाहावी लागते, याचा विचार जातीची निवड करताना फार थोडे लोक करतात.

दिवसभराच्या संथ कामात घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के इतकी ओढ द्यावी, असा जुना आडाखा आहे. ८०० किलोच्या घोड्याला हे ८० ते १२० किलो होतात. क्षणभरासाठी तो याच्या कितीतरी पट जोर लावू शकतो आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी इथेच होते. क्षणाचा जोर पाहून तो दिवसाचे काम ठरवतो. जेम्स वॅटने अश्वशक्तीचे एकक ठरवताना मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ७४६ वॅट, हा आकडा धरला, तोही सतत चालणाऱ्या कामाचा.

पहिली पायरी : शांत ऋतूत दाखल व्हावे

क्लबमध्ये नाव नोंदवण्यासाठी उन्हाळ्यातील मोठ्या प्रदर्शनाची वाट पाहू नये. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात दोन कामे आणि डोक्यात चार काळज्या असतात. नव्या माणसाकडे लक्ष द्यायला कोणालाच सवड नसते. हिवाळ्यातील वार्षिक सर्वसाधारण सभा हा खरा प्रवेशद्वाराचा दिवस आहे. या सभेत वर्षाचे वेळापत्रक ठरते, कोणाच्या शेतावर नांगरणीचा दिवस भरवायचा हे ठरते, विम्याचे नूतनीकरण होते आणि पदाधिकारी निवडले जातात. चर्चा रटाळ वाटली, तरी शेवटपर्यंत बसावे. कोणाकडे शांत, वयस्क जोडी आहे, कोणाला मदतनीस हवा आहे आणि कोण शिकवायला तयार असतो, हे याच सभेत कानावर पडते. परत निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आपण कार्यक्रमात घोड्याजवळ काम करताना क्लबचा विमा आपल्याला लागू होतो का, हेल्मेट आणि बुटांविषयी नियम काय आहेत, आणि पुढची साज-दुरुस्तीची बैठक कधी आहे.

ही साज-दुरुस्तीची बैठक मला स्वतःला वर्षातील सर्वांत उपयोगी कार्यक्रम वाटते. सभासद आपापला साज घेऊन एका छपराखाली जमतात, पट्टे सुटे करतात, खोगिराच्या साबणाने चामडे धुतात, तेल देतात आणि शिवण तपासतात. नव्या माणसाने दोन-तीन तास नुसते बकले सोडवण्याचे आणि पुन्हा लावण्याचे काम मागून घ्यावे. साज सुटा करून पुन्हा जोडला, की कोणता पट्टा भार ओढतो, कोणता उतारावर गाडी रोखून धरतो आणि कोणता केवळ इतरांना जागेवर ठेवतो, हे हातांना समजते. चामडे तपासताना ते जिथे बकलावरून वळते तिथे उलट्या बाजूने वाकवून पाहावे. तडे असतील तर ते तिथेच दिसतात. असा पट्टा तेल पाजून सुधारत नाही, तो बदलावा लागतो.

कॉलर : इथे घाई करू नये

साजातील सगळ्या वस्तूंमध्ये कॉलरवर मी जास्त जागा खर्च करणार आहे, कारण चुकीच्या कॉलरने झालेले नुकसान इतर कोणत्याही चुकीपेक्षा लवकर होते आणि उशिरा भरून निघते.

कॉलरचे माप आतल्या बाजूने, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ रेषेत घेतात. पण टेपने घेतलेले माप ही फक्त सुरुवात आहे. कॉलर घोड्याच्या गळ्यात घालून, त्याचे डोके चरताना खाली असते तसे नव्हे, तर कामात असते तितक्या उंचीवर ठेवून तपासणी करावी. खाली, श्वासनलिकेसमोर, आडवा तळहात सहज सरकला पाहिजे. मूठ जात असेल तर कॉलर लांब आहे, बोटेही जात नसतील तर आखूड आहे. दोन्ही बाजूंना मानेलगत बोटे सपाट करून सरकवता यावीत, पण पोकळी दिसू नये. कॉलर लांब असेल तर ती चालताना वरखाली होते आणि ओढीचा बिंदू खांद्याच्या सांध्याच्या टोकावर उतरतो, जिथे हाड जवळ असते. हा बिंदू कॉलरच्या तळापासून साधारण एक-तृतीयांश उंचीवर असावा. आखूड कॉलर श्वास कोंडते आणि घोडा मध्येच थांबतो. मग त्याला आळशी ठरवले जाते.

बंद कॉलर घालण्याची रीत पाहण्यासारखी असते. तिचा रुंद भाग खाली असतो, पण घोड्याचे डोके डोळ्यांच्या रेषेत सर्वांत रुंद असल्यामुळे ती उलटी धरून डोक्यावरून घालतात, गळ्याच्या सर्वांत बारीक भागापर्यंत नेतात आणि तिथे आयाळ ज्या बाजूला पडते त्या दिशेने फिरवून सरळ करतात. नवशिका ती फिरवण्यापूर्वीच खांद्यापर्यंत ढकलतो. मग घोडा डोके झटकतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. कॉलरच्या खाचेत बसणारे धातूचे किंवा लाकडाचे दोन वक्र दांडे, ज्यांना हेम्स म्हणतात, ते खालच्या पट्ट्याने घट्ट आवळलेले असले पाहिजेत. ओढीचे पट्टे हेम्सनाच जोडलेले असतात. म्हणून सैल हेम्स भाराखाली खाचेतून निसटले, तर भार आणि घोडा यांची फारकत होते, आणि तीही नेमकी जोर लावण्याच्या क्षणी.

माझ्या पहिल्या वर्षी मी एका सभासदाच्या घोडीसाठी जुनी कॉलर उत्साहाने घेऊन गेलो. माप टेपने बरोबर होते. वसंतातील ती घोडी हिवाळाभर खाऊन गरगरीत झाली होती आणि कॉलर अगदी बेतात बसली. सहा आठवड्यांच्या कामानंतर तिची मान उतरली, कॉलर हलू लागली आणि मी ते पाहिलेच नाही. एका सकाळच्या कामात तिच्या खांद्यावर तळहाताएवढा भाग सोलवटला. घोडीला तीन आठवडे कॉलर घालता आली नाही आणि दोष सर्वस्वी माझा होता. एका घोड्याला वर्षभर एकच कॉलर त्याच तऱ्हेने बसत नाही, हे त्या तीन आठवड्यांत मला कळले. म्हणूनच क्लबच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी आणि अर्ध्या तासाच्या कामानंतर पुन्हा, कॉलर तपासावी. गरज पडल्यास आत गादी घालावी किंवा दुसरी कॉलर आणावी. काम संपल्यावर कॉलर काढताच खांद्यावर हात फिरवावा : घाम सर्वत्र सारखा असेल तर ठीक, मध्येच कोरडा ठिपका, गरम जागा किंवा उलटे फिरलेले केस आढळले, तर तिथे दाब एकवटला आहे.

दुसरी पायरी : पायी चालून लगाम शिकणे

हिवाळ्याच्या शेवटी बहुतेक क्लब हाकण्याचे प्रशिक्षण भरवतात. यात गाडी नसते. घोड्यावर साज चढवून, लगामाच्या लांब वाद्या हातात घेऊन माणूस त्याच्या मागून चालतो. उत्तर अमेरिकेत उजवीकडे वळण्यासाठी 'जी', डावीकडे 'हॉ' आणि थांबण्यासाठी 'व्हो' असे शब्द रूढ आहेत; ब्रिटनमध्ये ते प्रदेशागणिक बदलतात, म्हणून आपल्या क्लबमधील घोड्यांना कोणते कळतात ते आधी विचारावे. वाद्यांवर ताण हलका पण सतत हवा. सैल सोडून मग हिसका देणे ही सर्वसामान्य चूक आहे, आणि ती आवाजाला हाताची जोड न दिल्यामुळे होते. वाद्या मनगटाला किंवा हाताला कधीही गुंडाळू नयेत. ८०० किलोचा प्राणी दचकून पळाला, तर बोटे उघडता आली पाहिजेत.

याच दिवसांत जुंपण्याचा आणि सोडण्याचा क्रम घोटून घ्यावा. मधल्या दांड्याच्या गाडीला जोडी लावताना प्रथम लगामाच्या वाद्या जोडून एका जबाबदार माणसाच्या हातात देतात, मग दांड्याचे पुढचे टोक उचलून धरणारे आडवे दांडके घोड्यांच्या गळ्यापुढे अडकवतात आणि शेवटी ओढीचे पट्टे मागच्या आडव्या दांड्यांना लावतात. सोडताना बरोबर उलटा क्रम : आधी ओढीचे पट्टे, मग पुढचे दांडके, सर्वांत शेवटी वाद्या. हा क्रम चुकला आणि पट्टे जोडलेले असताना दांड्याचे टोक जमिनीवर पडले, तर घोडे पुढे निघताच ते मातीत रुतते. दुसरा नियम त्याहून कडक आहे : घोडा गाडीला जोडलेला असताना त्याच्या डोक्यावरचा लगाम आणि झापडे काढायची नाहीत, एक क्षणही नाही, खाज सुटली म्हणून नाही आणि फोटोसाठी तर नाहीच. झापडे निघताच त्याला एकदम मागची गाडी दिसते, आणि तिच्यापासून पळणे हीच त्याची पहिली प्रतिक्रिया असते.

वसंत : अंग तयार करण्याचे दिवस

बर्फ वितळल्यावर सगळ्यांना हुरूप येतो. घोड्यालाही येतो, पण त्याचे स्नायू आणि खांद्याची कातडी हिवाळ्यात मऊ पडलेली असते. पहिल्या आठवड्यात वीस-तीस मिनिटे रिकाम्या साजात चालवणे, मग हलकी स्लेज (बिनचाकाची घसरगाडी), मग हळूहळू वजन, असे सहा ते आठ आठवडे धरावेत. चांगले क्लब नांगरणीच्या दिवसाची तारीख हे आठवडे मोजूनच ठरवतात.

या काळात दोन आजारांकडे डोळा ठेवावा. पहिला गवताचा. कोवळ्या हिरव्या गवतात साखर जास्त असते. कोठीतल्या वाळलेल्या गवतावर असलेल्या घोड्याला एकदम कुरणात सोडले, तर खुरांच्या आतल्या थराचा दाह होऊ शकतो, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात. चरण्याची वेळ रोज थोडी थोडी वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण करावी. दुसरा आजार जुने लोक 'सोमवार सकाळचा आजार' या नावाने ओळखतात : आठवडाभर कष्ट, रविवारी पूर्ण विश्रांती, पण दाणा मात्र तेवढाच, सोमवारी काम सुरू होताच मागच्या पायांचे स्नायू ताठरतात, घाम फुटतो, घोडा हलायला तयार नसतो आणि लघवी काळपट होते. अशा घोड्याला चालवत घरी नेण्याचा प्रयत्न करू नये. जागेवर उभे ठेवून पशुवैद्याला बोलवावे. विश्रांतीच्या दिवशी दाणा कमी करणे आणि थोडे तरी फिरवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. ओढकामाच्या अनेक घोड्यांत स्नायूंत साखर साठवण्यातला आनुवंशिक दोष आढळतो, त्यामुळे त्यांना दाण्यापेक्षा गवतावर ठेवणे बरे.

रोजचे प्रमाण सांगायचे तर वाळलेले गवत वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ८०० किलोच्या घोड्याला १२ ते १६ किलो. पाणी दिवसाला ५० लिटर आणि कामाच्या उकाड्यात त्याहून बरेच जास्त. धनुर्वात आणि इन्फ्लुएन्झाच्या लसी, दातांची तपासणी आणि नालबंदाची पाळी यांच्या नोंदी वसंतातच पूर्ण कराव्यात, कारण पुढच्या कार्यक्रमांत प्रवेशद्वारावर त्या मागितल्या जातात. नाल किंवा खुरांची छाटणी दर सहा ते आठ आठवड्यांनी लागते. मोठ्या घोड्यांना नाल मारणारे नालबंद मोजके असल्याने त्यांची वेळ आधीच ठरवून ठेवावी.

नांगरणीचा दिवस

क्लबच्या वर्षाचा कणा मी या दिवसाला म्हणेन. जमीन ओली असेल तर माती चिकटते आणि तुकतुकीत लाद्या पडतात, फार कोरडी असेल तर नांगर आत शिरत नाही. म्हणून ऐन वेळी दिवस पुढे ढकलला गेला, तर कुरकुर करू नये. नवख्याने या दिवशी नांगर धरण्याची अपेक्षा ठेवू नये. त्याचे काम घोड्यांच्या डोक्याशी उभे राहणे, पाणी आणणे, खुणेच्या काठ्या रोवणे आणि नांगऱ्याच्या मागून चालत राहणे हे असते.

उजवीकडे माती पालटणाऱ्या नांगरात उजवीकडचा घोडा आधीच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरीत, चालतो आणि डावीकडचा न नांगरलेल्या जमिनीवर. तासातला घोडा सरळ चालला की निम्मे काम झाले, म्हणून तिथे जास्त मुरलेला घोडा लावतात. पहिले तास सर्वांत कठीण, कारण त्याला बाजूची भिंत नसते. नांगऱ्या शेताच्या टोकावरच्या काठीकडे, दोन्ही घोड्यांच्या मधून पाहत चालतो. नजर नांगराच्या फाळाकडे गेली की तास वाकडे झालेच म्हणून समजावे. नांगराची मूठ दाबून सरळ करण्याचा मोह होतो, पण खोली आणि रुंदी पुढच्या चाकाच्या, साखळीच्या आणि अडकवण्याच्या बिंदूच्या जुळणीतून येते. नीट जुळलेला नांगर दोन बोटांनी धरता येतो. जुळणी करताना एका नांगऱ्याने साखळीची एकच कडी वर घेतली, आणि मघापर्यंत उड्या मारणारा तोच नांगर पाण्यातून होडी जावी तसा गेला. मी ते चार हातांवरून पाहिले आणि माझ्या सगळ्या पुस्तकी वाचनापेक्षा त्या एका कडीने मला जास्त शिकवले.

एक एकर नांगरायला किती चालावे लागते, याचा हिशेब करून पाहावा. ९ इंच रुंदीच्या तासाने एक एकर उलटायला ११ मैल, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर तास पडते. टोकांवरची वळणे वेगळी. जोडीने दिवसाला एक एकर हे जुने प्रमाण याच अंतरातून आले आहे. म्हणूनच प्रत्येक दोन-तीन चरींनंतर घोड्यांना दम खाऊ द्यावा, आणि नांगऱ्यालाही.

उन्हाळा : गवत, प्रदर्शन आणि ओढीच्या स्पर्धा

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गवत कापणीचे दिवस असतात. घोड्यांनी ओढायच्या कापणीयंत्राची पाती कात्रीसारखी चालतात आणि त्यांना गती चाकांपासून मिळते, त्यामुळे घोडा एक पाऊल जरी पुढे सरकला तरी ती हलतात. अडकलेले गवत काढण्यापूर्वी यंत्राची जोड सोडावी आणि कोणीतरी लगाम धरून बसलेले असावे. नवख्याने पात्यांच्या पुढे कधीच उभे राहू नये.

प्रदर्शनांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची माहिती देणारे पुष्कळ जण भेटतील. मोहरकी घालून चालवून दाखवण्याच्या वर्गात शरीराची ठेवण, पाय आणि चाल पाहतात; जुंपलेल्या वर्गांत एक घोडा, जोडी, चार, सहा आणि आठ घोडे अशी चढती भाजणी असते. नव्या सभासदाला आयाळ गुंफण्याच्या कामाला लावतात. आयाळीत रंगीत रिबन गुंडाळून वेणी घालायला सुरुवातीला दीड तास लागतो आणि ती वेणी रिंगणात शिरण्याच्या पाच मिनिटे आधी सुटते, हे गृहीत धरावे.

ओढीच्या स्पर्धांमध्ये जोडीला वजनाने भरलेल्या स्लेजला जुंपतात. उत्तर अमेरिकेत २७.५ फूट, म्हणजे सुमारे ८.४ मीटर, ती ओढून नेणे हे पूर्ण माप मानतात आणि बहुधा तीन प्रयत्न मिळतात. याविषयी सभासदांत मतभेद असतात. माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट वजन नसून सुरुवात आहे : चांगल्या हाकणाऱ्याची जोडी जुंपली जाईपर्यंत शांत उभी राहते आणि एकाच क्षणी, एकत्र, खाली वाकून कॉलरमध्ये शिरते. एक घोडा आधी आणि दुसरा मागून अशी झोंबाझोंब दिसली, तर तिथे शिकण्यासारखे काही नाही.

उकाड्यात काम पहाटे उरकावे. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. हे आकडे आपल्या घोड्यासाठी एखाद्या शांत सकाळी मोजून ठेवावेत. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत नाडी ६० च्या खाली आली नाही, किंवा नाकपुड्या भात्यासारख्या हलत राहिल्या, तर त्या दिवसाचे काम थांबवावे, अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे आणि ताप मोजावा. एवढ्या मोठ्या शरीराला वजनाच्या मानाने त्वचा कमी असते. त्यामुळे उष्णता बाहेर पडायला हलक्या घोड्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शरद आणि पुन्हा हिवाळा

पीक निघाल्यावर नांगरणीच्या स्पर्धा सुरू होतात. आयर्लंडची राष्ट्रीय नांगरणी स्पर्धा १९३१ पासून चालत आली आहे आणि तिथे घोड्यांच्या नांगराचा वर्ग आजही असतो. स्पर्धेत वेगाला किंमत नसते, दिलेल्या वेळेत काम संपले म्हणजे झाले. परीक्षक पहिल्या तासांचा सरळपणा, सगळ्या तासांची सारखी खोली, गवत आणि खुंट पुरते गाडले गेले की नाही, आणि शेवटचे तास किती अरुंद व स्वच्छ उरले आहे, हे पाहतात. वसंतात आपण ज्याच्या मागून चाललो, त्याने नांगरलेल्या जमिनीच्या पट्ट्याची आणि इतरांच्या पट्ट्यांची तुलना परीक्षकाच्या मागोमाग फिरून करावी. बहुतेक परीक्षक अंतर राखून चालणाऱ्या नवख्याला मनाई करीत नाहीत.

याच काळात लोकांना गाडीतून फिरवण्याचे कार्यक्रम होतात आणि क्लबच्या खर्चाचा बराच भाग त्यांतून निघतो. नव्या सभासदावर इथे पहिली खरी जबाबदारी पडते : चढण्या-उतरण्याच्या वेळी घोड्यांच्या डोक्याशी उभे राहणे आणि मुलांना मागून घोड्यांजवळ येऊ न देणे. डोक्याशी उभे राहणारा माणूस घोड्याच्या थेट पुढे नव्हे, तर किंचित बाजूला उभा राहतो, आणि गप्पांत रमत नाही. जंगलातून ओंडके ओढण्याचे कामही पाने गळल्यावर सुरू होते. ओंडका उतारावर घोड्याच्या टाचांवर येऊ शकतो आणि वळणावर आडवा झोपू शकतो; म्हणून हाकणाऱ्याने नेहमी वळणाच्या बाहेरच्या आणि चढाच्या बाजूने चालावे. हे काम पहिल्या वर्षी पाहावे, करू नये.

बर्फ पडणाऱ्या प्रदेशांत वर्षाचा शेवट स्लेजच्या फेऱ्यांनी होतो. बर्फावर चाकांचा खडखडाट नसतो, म्हणून समोरच्याला सूचना मिळावी यासाठी साजावर घंटा बांधण्याची प्रथा पडली. आज ती लोकांना केवळ शोभेची वाटते. बर्फाचे गोळे नालांत साचून घोड्याचा पाय मुरगळू शकतो, त्यामुळे नालांखाली रबरी पट्ट्या बसवतात आणि निसरड्या वाटेसाठी टोकदार खिळे लावतात. कडाक्याच्या थंडीत तोंडातील लोखंडी कडियाळ आधी हातात धरून गरम करावे. फेरी संपल्यावर घामेजलेला घोडा उघड्या वाऱ्यात उभा करू नये. पाठीवर कापड टाकून, अंग कोरडे होईपर्यंत चालवावा आणि मगच खरारा करावा.

वर्षभर एक वही जवळ ठेवावी. तिच्यात स्पर्धांचे निकाल लिहिण्याची गरज नाही, ते क्लबच्या दप्तरात असतातच. कोणत्या महिन्यात कोणत्या घोड्याला कोणत्या मापाची कॉलर बसली, गादी किती जाड होती, कामानंतर खांद्यावर घाम कसा आला, नालबंद कधी आला, कोणत्या जमिनीवर साखळीची कितवी कडी चालली, एवढे लिहावे. डिसेंबरमध्ये साज धुऊन, तेल देऊन, कॉलर टांगताना तिचा आकार बिघडू नये म्हणून ती रुंद खुंटीवर उलटी लावावी, तिला घोड्याच्या नावाची चिठ्ठी बांधावी आणि चिठ्ठीवर ते शरदातले शेवटचे माप लिहून ठेवावे. फेब्रुवारीच्या बैठकीत कोणीतरी विचारेलच की ही कॉलर कोणाची.